तोंडाशी आलेला बॉल

पूल म्हणजे टेबलावरचे बॉल काठीने कडेच्या पॉकेटमध्ये टाकायचा खेळ. त्यातला ‘सोपा बॉल’ नेमका किती सोपा असतो, हे एकदा पट्टी घेऊन मोजून पाहावं.

नऊ फुटी टेबलाचं खेळायचं कापड 100 इंच बाय 50 इंच. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे 57 मिलिमीटर. स्पर्धेच्या टेबलावर कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड साधारण साडेचार इंच असतं. दोन बॉल शेजारीशेजारी ठेवले तर नेमके भरावेत एवढं. त्यामुळे बॉल मधोमध न जाता 28 मिलिमीटर डावीकडे किंवा उजवीकडे गेला तरी आत पडतो. आता समजा, बॉल पॉकेटपासून एक फुटावर आहे आणि तिन्ही गोष्टी, म्हणजे पांढरा (क्यूने, म्हणजे काठीने, मारायचा तो), टाकायचा बॉल आणि पॉकेट, एका रेषेत आहेत. साधा भूमितीचा हिशेब केला तर पांढरा आपल्या रेषेपासून पाच मिलिमीटर सरकून लागला तरी चालतं. रेषा तशीच सरळ ठेवून तो बॉल पॉकेटपासून चार फुटांवर नेला, की पाचाचे सव्वा-दीड मिलिमीटर होतात. आणि बॉल पुन्हा एक फुटावर आणला, पण 45 अंशांचा कट दिला, म्हणजे पांढरा सरळ न लावता बाजूने तिरका लावला, तर जवळजवळ पावणेचार मिलिमीटरची मुभा मिळते.

पूल पार्लरमध्ये यातल्या दुसऱ्या शॉटला सगळे सोपा म्हणतात. ‘अरे, स्ट्रेट तर आहे!’ तिसऱ्याकडे बघून मात्र मान हलते, कारण कट मोठा दिसतो. प्रत्यक्षात तिसऱ्यात चुकायला दुसऱ्याच्या अडीच-तीन पट जागा आहे. आपण सोपं-अवघड ठरवतो ते कोनावरून, अंतराकडे फारसं बघतच नाही. पहिला घोटाळा इथेच होतो, क्यू हातात घेण्याच्याही आधी.

खरा सोपा बॉल, तो पाच मिलिमीटरवाला, तरीही चुकतो. रोज, प्रत्येक पार्लरमध्ये, चांगल्या चांगल्यांकडून. तो का चुकतो हे बघण्यासारखं आहे, कारण तिथे कौशल्य कमी पडलं असं म्हणता येत नाही. कालच त्याच माणसाने त्याहून तिप्पट कठीण बॉल टाकलेला असतो.

मराठीत एक गंमत आहे. दारात उभा राहून माणूस ‘आलोच’ म्हणतो, आणि अजून तो निघालेलाही नसतो. होणार याची खात्री असली की आपण भूतकाळ वापरून मोकळे होतो. पॉकेटच्या तोंडाशी बसलेल्या बॉलकडे बघून खेळणारा तेच करतो: ‘हा गेला.’ तोंडाने बोलला नाही तरी मनात बोलतो. गेलेल्या बॉलकडे कोण कशाला बघेल? डोळे पुढच्या बॉलकडे निघतात. पांढरा कुठे थांबवायचा, नंतर सात नंबर कुठल्या पॉकेटला, हे विचार सुरू होतात, आणि हात अजून मागेच असतो. शॉट मारला जातो तेव्हा टेबलाजवळ फक्त हात असतो. माणूस पुढच्या शॉटवर पोहोचलेला असतो.

याचा शरीरावर होणारा परिणाम अगदी ठरलेला आहे. नजर वर उठली की हनुवटी उठते, हनुवटीमागे खांदा, आणि खांदा हलला की क्यूचं पाठचं टोक वाकड्या रेषेत येतं. पाच मिलिमीटर संपायला एवढं पुरतं. नेमबाजी, बास्केटबॉलचे फ्री थ्रो, गोल्फमध्ये चेंडू खळग्यात ढकलायचे हलके फटके अशा प्रकारांत जोन विकर्स या कॅनडातल्या संशोधिकेने ज्याला ‘क्वाएट आय’ म्हटलं, ती गोष्ट हीच: हालचाल सुरू होण्याआधी शेवटची नजर लक्ष्यावर किती वेळ स्थिर राहते. कसलेल्या खेळाडूची ती जास्त वेळ टिकते, नवख्याची भिरभिरते. सोप्या बॉलवर कसलेला खेळाडूही तेवढ्यापुरता नवखा होतो.

दुसरं कारण मनाचं दिसतं, पण काम करतं ते घर्षण. सोप्या बॉलला आपण लाडाने, हळुवार मारतो. जोर कशाला, आत ढकलायचा तर आहे! पण दोन बॉल एकमेकांना कटमध्ये लागतात तेव्हा क्षणभर एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्याने समोरचा बॉल ठरल्या दिशेपेक्षा थोडा जाड बाजूला, म्हणजे कट कमी दिल्यासारखा, ओढला जातो. याला थ्रो म्हणतात. पांढरा हळू आणि घसरत आला तर ही ओढ जास्त, वेगात आला तर कमी. अर्ध्या बॉलच्या कटला, म्हणजे पांढरा बॉलच्या अर्ध्याच भागावर लागतो तेव्हा, दोन वेगांतला हा फरक एक-दोन अंशांचा सहज होतो. पॉकेट एक फुटावर असेल तर तो पचून जातो. दोन-तीन फुटांवर असेल, त्यात निशाणही थोडं जाड धरलेलं असेल, तर बॉल पॉकेटच्या कडेला टेकून तिथेच बसतो आणि खेळणारा म्हणतो, ‘एवढा पातळ तर धरला होता!’ मधल्या वेगाला तेवढं पुरलंही असतं. मारला हळू.

हळू मारण्याचे आणखी तोटे आहेत. टेबल किंचित कलतं असेल तर शेवटच्या फुटात बॉल तिकडे वळतो. कापडावरचा धुळीचा कण एरवी दखलही न घेण्यासारखा. मंद बॉलला तो रस्ता बदलायला लावतो. आपल्याकडच्या पार्लरमध्ये तर यात पावडरची भर असते. कॅरमच्या सवयीने आपण बोटांना ढीगभर पावडर चोळतो, ती ब्रिजच्या, म्हणजे क्यूला टेकू देणाऱ्या हाताच्या, जागी कापडावर उतरते आणि मग बॉलवर. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत एसी बंद असलेल्या खोलीतलं कापड ओलसर होतं, टेबल जड चालतं, आणि अंगावर पावडरीचा आणि क्यूच्या टोकाला लावायच्या चॉकचा थर असलेले बॉल एकमेकांना जास्त धरतात. अशा दिवशी हळू मारलेला कट हा सोपा शॉट नाहीच. तो हळू न मारता मधल्या वेगाने मारणं परवडतं. आणि बॉल पुसून मागायला लाजू नये. ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्या.

तिसरं कारण: सोप्या बॉलवर आपल्याला कलाकुसर सुचते. पॉट (बॉल आत जाणं) नक्की आहे, मग पोझिशन (पुढच्या शॉटसाठी पांढऱ्याची जागा) जरा छान घेऊ, असं म्हणत पांढऱ्याला साइड लावली जाते, म्हणजे मध्याच्या डावी-उजवीकडे मारून फिरकी दिली जाते. साइड लावली की पांढरा क्यूच्या रेषेपासून किंचित उलट बाजूला सुटतो. ही फेक एक अंशाची धरली तरी पांढरा चार फूट जाईपर्यंत वीस मिलिमीटरच्या पुढे जाते. मुभा किती होती? सोप्या बॉललाही पाच. अनुभवी खेळाडू ही फेक धरूनच निशाण लावतो, पण त्यासाठी त्याचा पूर्ण जीव त्या शॉटमध्ये हवा, आणि सोप्या बॉलवर नेमका तोच नसतो. दहातल्या सहा-सात वेळा साइडची गरजच नसते असं माझं मत आहे. पांढरा रोल होत जाऊन बॉलच्या पाव ते पाऊण जाडीत लागला तर लागल्यानंतर आपल्या मूळ रेषेपासून साधारण 30 अंशांनी वळतो. स्टनमध्ये, म्हणजे न फिरता घसरत, लागला तर बॉलच्या रेषेला काटकोनात सुटतो. या दोन रेषांच्या मधली जवळजवळ सगळी जागा पांढऱ्यावर वर किंवा खाली मारून आणि वेग बदलून मिळते. साइड शेवटी काढायची गोष्ट आहे, पोह्यांवरच्या कोथिंबिरीसारखी सगळीकडे घालायची नाही.

कॅरम खेळलेल्या मराठी माणसाला हे सगळं वेगळ्या नावाने माहीत आहे. राणी घेताना केवढी एकाग्रता! कट, रिबाउंड, जे लागेल ते. राणी पडते, बघणारे ओरडतात, आणि मग समोर उघडी पडलेली कव्हरची सोंगटी चुकते. राणी परत बोर्डावर. कव्हर अवघड होतं म्हणून नाही. राणी पडली तेव्हाच मनाने डाव संपवला होता.

सोपा चुकतो तो फक्त पार्लरमध्ये, असा समज असेल तर 1994 ची शेफिल्डमधली स्नूकर या पूलसारख्याच खेळाची जागतिक फायनल आठवावी. जिमी व्हाइटची ती सहावी फायनल; आधीच्या पाचही हरलेला. समोर स्टीफन हेंड्री, स्कोअर 17-17, शेवटची फ्रेम म्हणजे डाव, व्हाइट टेबलावर आणि पुढे. त्यात त्या दिवशी त्याचा वाढदिवस. स्पॉटवरचा (ठरल्या जागेवरचा) काळा बॉल, व्हाइटने आयुष्यात हजारो वेळा टाकला असेल असा, चुकला. हेंड्री उठला, फ्रेम काढली, 18-17. व्हाइट त्यानंतर पुन्हा कधी त्या फायनलला पोहोचला नाही. इथे कारण उलट होतं, बेफिकिरी नव्हती; त्या काळ्याला एका काळ्यापेक्षा जास्त वजन आलं होतं. बॉल सोपा, पण त्याच्या मागे उभं असलेलं सगळं अवघड. ‘मॅच बॉल’ हा म्हणून वेगळाच प्रकार आहे: अंतर आणि कोन सोप्याचे, हात अवघडाचा.

आपल्या पार्लरमध्ये याची छोटी आवृत्ती रोज असते. हरणाऱ्याने फ्रेमचे पैसे द्यायचे. रक्कम म्हणाल तर दोन वडापाव आणि चहाची, पण आठ नंबरचा काळा उरला की ती हाताला कळते.

अवघड बॉलचं दुखणं वेगळं. तिथे नजर कुठे जात नाही, उलट चिकटून बसते. माणूस खाली वाकतो, क्यू चार वेळा ऐवजी दहा वेळा पुढेमागे करतो, मूठ आवळतो, आणि शेवटी अवघड आहे म्हणून जोरात मारतो. जोराने काही सोपं होत नाही. उलट पॉकेट लहान होतं, आणि ही नुसती म्हणायची गोष्ट नाही. मंद आलेला बॉल पॉकेटच्या कडेला घासूनही आत पडतो. तोच जोरात आला तर एका कडेवरून दुसरीवर खडखडून बाहेर येतो. लांबच्या बॉलवर आधीच सव्वा मिलिमीटर होतं, जोर लावून तेही कमी केलं. शिवाय मूठ आवळली की मनगट बाहेर वळतं आणि क्यू शेवटच्या इंचात आडवा जातो. लांबचे बॉल नेहमी एकाच बाजूला चुकत असतील तर निशाणाआधी मूठ तपासावी. क्यू पक्षी धरल्यासारखा धरावा असं सांगतात. मला ते फार काव्यमय वाटतं. भरलेल्या चहाच्या ग्लासाएवढी पकड म्हटलं की लगेच कळतं: निसटू नये, आणि चटका बसेल इतकी घट्टही नको.

अवघड बॉलची एक सवलत मात्र असते. कोणी अपेक्षा करत नाही, आपणही नाही. म्हणून कधीकधी हात मोकळा चालतो आणि अशक्य वाटलेला बॉल पडतो. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रीनो इथल्या सँड्स रीजन्सी स्पर्धेच्या नाइन-बॉल (टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी लावायचा तो पूलचा प्रकार) फायनलमध्ये फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलँडविरुद्ध मारलेला शॉट आजही लोक दाखवतात. पाच नंबर आड लपलेला, शेवटचा रॅक, म्हणजे डाव. रेयेसने पांढरा टेबलाच्या दोन कुशनवरून (रबरी कडांवरून) झेडच्या आकारात फिरवून पाच नंबरला लावला, तो पॉकेटमध्ये घातला आणि रॅक काढला. तो शॉट बघून पोरं पुढचा तासभर टेबलावर झेड काढत बसतात. त्यातून शिकायचं ते वेगळं आहे. मनिलातल्या पूल हॉलमध्ये लहानाचा मोठा झालेल्या त्या माणसासाठी कुशनवरून बॉल गाठणं हा चमत्कार नव्हता, रोजचं काम होतं. त्याने तो शॉट नशिबावर सोपवून फटकावला नाही. रेषा धरली, वेग धरला आणि नेहमीच्याच हाताने मारला. आपण नेमकं उलटं करतो: अवघड शॉटला एक वेगळा, खास हात काढतो, जो कधी सरावात वापरलेलाच नसतो.

अवघड बॉल समोर आला की मारण्याआधी एक हिशेब करावा, आणि प्रामाणिकपणे. हाच बॉल दहा वेळा लावला तर माझ्याकडून किती पडतील? सहा-सात म्हणत असाल तर मारा. तीन-चार असतील तर बघा, चुकला तर समोरच्याला काय मिळतं. काहीच मिळणार नसेल तर मारायला हरकत नाही. पडला तर आपला, चुकला तरी पांढरा लांब कुशनला टेकलेला. याला टू-वे शॉट म्हणतात आणि तो चांगल्या खेळाडूचा आवडता शॉट असतो. चुकल्यावर सगळं टेबल उघडं पडणार असेल तर सेफ्टी खेळावी, म्हणजे बॉल टाकायला न जाता समोरच्याला पांढरा अवघड जागी द्यावा. आपल्याकडे सेफ्टीला अजून ‘घाबरला’ असं म्हणतात. म्हणू द्या. मात्र मारायचं ठरलं की त्या शॉटमध्ये दुसरं काही मागू नये. लांबच्या पातळ कटबरोबर पोझिशनही हवी, चार बॉलची जुडीही फोडायची, असा हट्ट धरला की तिन्ही जातात. पांढरा मध्यावर, मधला वेग, फक्त पॉट. पोझिशन जी येईल ती.

सोप्या बॉलला हे उलट लागू पडतं का? अर्धंच. तिथे पोझिशन मागायलाच हवी, नाहीतर रन-आउट, म्हणजे एकाच पाळीत सगळं टेबल साफ, कसा होणार. पण ती उभ्यानेच ठरवून टाकायची.

सगळ्या खटाटोपाचा गाभा या ‘उभ्याने’त आहे. विचार करायचा तो उभं राहून. वाकल्यावर विचार बंद. टेबलापासून एक पाऊल मागे, बॉल आणि पॉकेटच्या रेषेत जाऊन बघायचं. बॉलच्या मागे पांढरा जिथे जाऊन टेकायला हवा तिथे मनाने एक पांढरा ठेवायचा. मग पांढऱ्यामागे येऊन ठरवायचं: पांढरा कुठे थांबणार, टिप (क्यूचं टोक) कुठे लागणार, वेग किती. चॉक याच वेळी लावायचा, हात त्यात गुंतला की घाई कमी होते. मागचा पाय शॉटच्या रेषेवर ठेवून सरळ खाली यायचं, बाजूने वाकून येऊन मग कंबर सरकवायची नाही. तीन ते पाच वेळा क्यू पुढेमागे, टिप पांढऱ्याजवळ क्षणभर थांबवायची. नजर पांढऱ्यावर एकदा, बॉलवर एकदा, आणि शेवटी बॉलवरच. क्यू सावकाश मागे, मग सरळ पुढे. मारल्यावर तसंच खाली राहायचं, बॉल पडल्याचा आवाज कानाने ऐकायचा. डोळ्याने नाही! पांढरा पोझिशनला गेला की नाही ते उठल्यावर दिसेलच, तो कुठे पळून जात नाही.

ब्रेक (डाव फोडायचा पहिला फटका), जंप (पांढरा उडवायचा फटका) आणि कुशनला चिकटलेला पांढरा यांना अपवाद करावा. तिथे शेवटची नजर पांढऱ्यावर ठेवणारे पुष्कळ आहेत, कारण टिप जिथे लागायला हवी तिथेच लागणं जास्त महत्त्वाचं असतं.

वाकल्यावर मनात ‘जरा पातळ धरू का’ असं आलं, तर उठायचं. परत मागे जायचं, परत बघायचं. वाकलेल्या अवस्थेत निशाण बदललं तर डोकं एक रेषा बघतं आणि पाय दुसऱ्या रेषेवर उभे असतात. सोप्या बॉलवर पुन्हा उठायला लाज वाटते, बघणारे हसतील असं वाटतं. बघणारे तसेही हसणारच आहेत, बॉल चुकल्यावर.

सरावासाठी दोन गोष्टी पुरेत. स्टेशनरीच्या दुकानात फाइलच्या कागदाच्या भोकांना चिकटवायच्या गोल रिंगा मिळतात. त्या कापडावर हलक्या हाताने लावल्या की बॉल दर वेळी त्याच जागी ठेवता येतो. एक रिंग लांब सरळ शॉटसाठी, एक पॉकेटजवळच्या 45 अंशांच्या कटसाठी. दोन्ही दहा-दहा वेळा मारून पाहा आणि पडलेले मोजा. कुठला सोपा ते टेबलच सांगेल. दुसरी गोष्ट वही. सराव असो वा मॅच, फक्त सोपे चुकलेले बॉल लिहायचे: जाड गेला की पातळ, वेग हळू होता की जोरात, साइड लावली होती का, मारताना डोळे कुठे होते. शेवटचा रकाना बहुतेक वेळा रिकामा राहतो, कारण आठवतच नाही. रिकामा रकाना म्हणजे डोळे बॉलवर नव्हते असं समजून पुढे जायचं.

चुकल्यावर खुर्चीत बसणं हाही खेळाचाच भाग आहे. क्यू आपटू नये, त्याच रेषेत रिकामा हात हलवून ‘असा मारायला हवा होता’ हे समोरच्याला दाखवू नये. पाणी प्यावं, क्यूची टिप बघावी, चॉक सगळीकडे सारखा बसलाय का ते पाहावं आणि नजर टेबलावर ठेवावी. समोरचा चार बॉल टाकेल, पाचवा त्याच्याही तोंडाशी येईल, आणि तो वाकण्याआधीच मान वळवून सहाव्याकडे बघत असेल. तेव्हा क्यू हातात घेऊन बसावं.